सौंदर्य, शस्त्र आणि पाण्यातील जंतू

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या आईसमवेत माझ्या घरी आली. सुरतेतील मराठी शाळेत मी गेली वीस वर्षे इतिहास शिकवीत आहे. त्यामुळे जुने विद्यार्थी सणावारी भेटावयास येतात, यात नवल नाही. परंतु ही मुलगी घरात आल्यावरही तोंडावरची ओढणी दूर करीना. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग आईनेच विषय काढला. मुलीने लग्नापूर्वी नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. नाकाचा बसका दांडा उंच दिसावा म्हणून एका दवाखान्यात त्यात सिलिकॉनची लहानशी पट्टी बसविली. टाके निघाले, सूज उतरली, आरशात पाहून मुलगी हरखली. आणि पाचव्या आठवड्यात नाकाच्या मुळाशी एक लालसर गाठ उठली.

गाठ दुखत नव्हती, ताप नव्हता. काही दिवसांनी ती फुटली आणि पाण्यासारखा पू वाहू लागला. नेहमीची औषधे दिली, मलमपट्टी झाली, तोंड मिटले, पुन्हा उघडले. पू तपासला, तर त्यात काही सापडले नाही. कोणी म्हणाले, शरीराला ती पट्टी मानवली नाही. कोणी म्हणाले, क्षय असावा, आणि क्षयाची औषधे सुरू झाली. या सर्व काळात मुलीने सासरच्या मंडळींस एक अक्षर कळू दिले नाही. अखेर चार महिन्यांनी एका मोठ्या रुग्णालयात गाठीतील तुकडा काढून तो अधिक दिवस प्रयोगशाळेत ठेवला, तेव्हा पाचव्या दिवशी जंतू उगवला. पट्टी काढावी लागली आणि कित्येक महिने औषध घ्यावे लागले. आता ती बरी आहे. नाकाच्या मुळाशी एक व्रण तेवढा राहिला आहे.

“सर,” ती म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, हा जंतू नळाच्या पाण्यात असतो. त्या पाण्याने तर सगळेच आंघोळ करतात. मग तो मलाच का बाधला?”

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. मी वैद्य नव्हे. परंतु प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी दोन डॉक्टर मित्रांस गाठले, काही पुस्तके चाळली. तेव्हा असे दिसून आले की, या प्रश्नाच्या उत्तराचा धागा आपल्या पुण्यापासूनच निघतो. तोच आज मी आपणांपुढे उलगडणार आहे.

नाक ही आपल्याकडे केवळ श्वास घेण्याची वस्तू कधीच नव्हती. नाक म्हणजे अब्रू. ‘नाक कापले’ हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो, पण एके काळी ती प्रत्यक्ष शिक्षा होती. गुन्हेगाराचे, शत्रूच्या सैनिकाचे, संशयी नवऱ्याच्या बायकोचे नाक खरोखरीच कापले जाई. जेथे नाके कापली जातात, तेथे ती जोडणारेही निर्माण होतात. सुश्रुताच्या ग्रंथात गालावरील कातडीचा तुकडा पानाच्या मापाने काढून नाक घडविण्याची रीत सांगितलेली आहे. पुढील काळात गालाऐवजी कपाळाची कातडी घेण्याची पद्धत रूढ झाली. सतराव्या शतकात विजापूरच्या मुलखात असे काम करणारे शस्त्रवैद्य होते, अशी नोंद मनुची या इटालियन प्रवाशाने करून ठेविली आहे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध नाक मात्र पुण्याचे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. त्यानंतर वर्षभर तो नाकावाचून वावरला. पुढे पुण्याजवळ राहणाऱ्या वीटकाम करणाऱ्या जातीच्या, म्हणजे कुंभार, वैद्याने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया समक्ष पाहिली. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ही सर्व हकीकत चित्रासह छापून आली.

ती क्रिया अशी होती. वैद्य प्रथम मेणाची एक पातळ पट्टी घेऊन नाकाच्या खुंटावर बसवी आणि नाकाचा आकार साधी. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवी, तिच्या कडेने रेघ ओढी, आणि त्या मापाने कपाळाची कातडी सोडवी. दोन भुवयांमधील एक चिंचोळी पट्टी मात्र तो कापत नसे. याच पट्टीतून रक्त खेळत राही. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवायची, खुंटाच्या जखमेच्या कडा ताज्या करून तीत बसवायची, वर पाण्यात कालविलेल्या काताच्या चिंध्यांचे पाच-सहा थर द्यायचे. चार दिवस त्यास हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजविलेल्या चिंध्या. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती चिंचोळी पट्टी कापून टाकायची. नाक पुरे झाले.

त्या वैद्याला जंतू ठाऊक नव्हते. हात धुण्याचा आग्रह त्याच्या काळी युरोपातही नव्हता. तरीही ही नाके जगली. याचे एक कारण असे की, चेहऱ्यास रक्ताचा पुरवठा विपुल असतो. दुसरे आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे कारण असे की, त्या नाकात रोग्याच्या स्वतःच्या देहावाचून दुसरे काहीही नव्हते. मेणाची पट्टी केवळ मापापुरती होती. ती कपाळावर टेकली आणि बाजूस ठेवली गेली, शरीरात शिरली नाही. नव्या नाकातून रोग्याचे स्वतःचे रक्त वाहत होते. जेथे रक्त पोचते, तेथे शरीराचे शिपाई पोचतात. ज्यांची नाके सडली, त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत, हेही अर्थात ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु पद्धत मुळात सकस होती, यात शंका नाही.

मासिकातील तो मजकूर वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने वीस वर्षे विचार केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले, आणि कपाळाच्या कातडीचे नाक सर्व युरोपभर ‘हिंदी पद्धती’ या नावाने ओळखले जाऊ लागले. इकडे आमच्या गुजरातेत, सौराष्ट्रातील जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी हीच क्रिया नव्या शास्त्राच्या साहाय्याने चालविली. त्या मुलखात बंडखोरांनी नाके कापण्याचा सपाटा लाविला होता. १८८९ साली त्यांनी शंभर नाकांची हकीकत इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तोवर गुंगीचे औषध आले होते आणि १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुरहित ठेवण्याचा मार्ग दाखविला होता. पण पद्धत पुण्याच्या कुंभाराचीच, आणि नाकात भरलेले मांस ज्याचे त्याचेच.

यानंतर मात्र मनुष्याला घाई झाली. कपाळावर व्रण नको, महिनाभर अंथरूण नको, आणि नाक तर हवे. १८९९ साली व्हिएन्नाचा शस्त्रवैद्य गेर्सुनी याने पातळ केलेले पॅराफिन सुईने शरीरात घालण्याचा प्रयोग केला. काही वर्षांतच बसकी नाके, खोल गाल, सुरकुत्या यांत पॅराफिन भरण्याची लाट आली. पुण्याच्या कुंभाराचे मेण कपाळावरून उचलले जात होते. व्हिएन्नाचे मेण आत राहिले. ते आत राहिले आणि सरकू लागले. त्याच्या गाठी झाल्या, कातडी फाटली, आणि जी माणसे सुंदर व्हावयास गेली होती त्यांतील कित्येक कायमची विद्रूप झाली. ही लाट ओसरावयास बरीच वर्षे गेली. मग रबरासारखे मऊ, शरीरास फारसे न बोचणारे सिलिकॉन आले. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या डॉक्टरांनी सिलिकॉनची पिशवी घालून स्त्रीच्या वक्षाची पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून वक्ष, हनुवटी, नाक असे अनेक अवयव या पदार्थाने घडविले जाऊ लागले. बहुसंख्य रुग्णांस त्याचा त्रास होत नाही, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कर्करोगाने स्तन गमावलेल्या स्त्रीस किंवा अपघातात चेहरा हरवलेल्या माणसास या विद्येने नवे आयुष्य दिले आहे.

परंतु परकी वस्तू ती परकीच. ती शरीरात काय घडविते, याचा एक बोलका प्रयोग १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कॉनेन या दोन संशोधकांनी केला. काही स्वयंसेवकांच्या कातडीत त्यांनी पू करणारे नेहमीचे जंतू मोजून टोचले. निरोगी कातडीत पू होण्यास लक्षावधी जंतू लागले. त्याहून कमी असले, तर शरीर त्यांचा फडशा पाडी. मग त्यांनी कातडीत रेशमाचा एक टाका घातला. आता तेवढाच पू होण्यास शेकड्याच्या घरातील जंतू पुरले. एका साध्या धाग्याने जंतूंचे बळ दहा हजार पटींनी वाढविले! धाग्यात रक्तवाहिनी नाही. तेथे शरीराचे शिपाई पोचत नाहीत, पण जंतू मात्र त्याच्या आडोशाला बसतात, आपल्याभोवती चिकट लेप तयार करतात आणि त्या लेपाच्या किल्ल्यात औषधासही दाद देत नाहीत. नाकातील सिलिकॉनची पट्टी म्हणजे असाच एक मोठा टाका.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. उरलेले अर्धे त्या जंतूच्या कुळात आहे.

क्षयाचा आणि कुष्ठाचा जंतू आपणां सर्वांस नावाने ठाऊक आहे. त्यांच्याच कुळात काही गरीब चुलत भावंडे आहेत. ती माणसांवर जगत नाहीत. ती माती, नदी, विहीर आणि नळ यांत राहतात. १९०३ साली फ्रीडमान या जर्मन शास्त्रज्ञास बर्लिनच्या मत्स्यालयातील समुद्री कासवांत असा एक जंतू सापडला. त्याचे नाव कासवाच्या ग्रीक नावावरून ‘चेलोनी’ असे पडले. १९०५ साली बेडकांत आणखी एक आढळला. तोच जंतू पुढे ब्राझीलमध्ये एका रुग्णाच्या गळवात मिळाला. ते गळू सुई टोचल्या जागी आले होते. १९३८ साली दा कोस्ता क्रूझ यांनी त्यास ‘फॉर्च्युइटम’ म्हणजे योगायोगाने आलेला, असे नाव दिले. १९५३ साली अमेरिकेत गुडघ्याच्या गळवातून तिसरा निघाला, त्यास ‘अब्सेसस’ म्हणतात. या मंडळींची नावे मायकोबॅक्टेरियम चेलोनी, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, मायकोबॅक्टेरियम अब्सेसस अशी लांबलचक आहेत. आपण त्यांस पाण्यातील भावंडे म्हणू.

या भावंडांच्या अंगावर मेणचट कवच असते. त्यामुळे पिण्याच्या पाण्यातील क्लोरीन त्यांस सहजासहजी मारीत नाही. नळाच्या आतील बुळबुळीत थरात ती वर्षानुवर्षे नांदतात. आपण रोज ती पितो, अंगावर घेतो, आणि आपणांस काही होत नाही. कारण धडधाकट कातडीच्या दारातून आत जाण्याचे बळ त्यांच्यात नाही. परंतु शस्त्राने दार उघडले, आत परक्या वस्तूचा आडोसा ठेवला आणि उपकरणावरील थेंबभर पाण्यातून ही भावंडे आत गेली, की दुबळा जंतूही घर करून बसतो. तो सावकाश वाढतो. जखम भरल्यावर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा गाठ उठते. साध्या तपासणीत तो दिसत नाही, कारण पुवाच्या बशा पुष्कळ ठिकाणी दोन-तीन दिवसांत टाकून दिल्या जातात, आणि यास उगवावयास तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलाच, तर तो क्षयाच्या जंतूसारखा दिसतो. पण क्षयाची नेहमीची औषधे त्यास फारशी लागू पडत नाहीत. त्याची औषधे निराळी, आणि बहुधा परकी वस्तू बाहेर काढल्यावाचून गुण येत नाही.

हे कोण्या एका दवाखान्याचे दुर्दैव नव्हे. १९८३ साली अमेरिकेत वक्षात सिलिकॉन घातलेल्या सतरा स्त्रियांस या कुळातील जंतूंची बाधा झाल्याचे प्रसिद्ध झाले. २००३-०४ मध्ये स्वस्तात सौंदर्य मिळते म्हणून डॉमिनिकन रिपब्लिक या बेटावरील देशात जाऊन आलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या पोटावरील जखमा महिनोन्महिने वाहत राहिल्या. तेथे अब्सेसस होता. २००४ पासून ब्राझीलमध्ये प्रथम वक्षाच्या व नंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशा बाधांची मोठी साथच आली आणि शेकडो रुग्ण सापडले. शोध घेता असे आढळले की, दुर्बिणीची उपकरणे ज्या ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावात बुडवून ‘शुद्ध’ केली जात, त्या द्रावात हा जंतू मरत नव्हता. २००९ साली तेथील शासनाने अशा उपकरणांसाठी ही बुडविण्याची पद्धतच बंद केली. आपल्या देशातही पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर छिद्रांच्या जागी अशा गाठी आल्याची उदाहरणे डॉक्टरांनी लिहून ठेवली आहेत. त्यांतील एका रुग्णालयात उपकरणे औषधात बुडवून झाल्यावर ज्या पाण्याने विसळली जात, त्या पाण्यातच जंतू सापडला. औषधाने जे धुतले, ते पाण्याने पुन्हा मळविले!

श्रोतेहो, थेंबभर निष्काळजीपणाची किंमत काय असते, याचा एक जुना दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. प्लेगची लस शोधणारे हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लक्षावधी लोकांसाठी ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकशेसात लोकांस लस टोचण्यात आली. त्यांतील एका विशिष्ट बाटलीतून ज्यांना लस मिळाली, ते एकोणीसच्या एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांचे पद गेले, नाव गेले. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की, बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट तापवून शुद्ध न करता केवळ कार्बोलिकमध्ये बुडवून त्याने पुन्हा वापरला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा त्यांच्यावरील डाग धुतला गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे. धनुर्वाताचा जंतू मातीतला, आपल्या कथेतील जंतू पाण्यातला. दोघेही पायाखाली आणि हाताखाली सदैव असतात. त्यांस आत जाण्यास एक चिमटा पुरतो, आणि केवळ औषधात बुडविलेली वस्तू शुद्ध झाली असे समजणारा एक माणूस पुरतो.

आता मी माझ्या गावाकडे वळतो. सुरतेस जंतूंविषयी धडा मिळाला, तो १९९४ साली. मी तेव्हा आठवीत होतो. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या तापाने माणसे मरू लागली, आणि ‘प्लेग’ हा शब्द वाऱ्यासारखा पसरला. मृत्यू सुमारे पन्नास झाले, पण गाव सोडून पळाले ते लक्षावधी. कितीतरी खासगी दवाखाने बंद झाले, औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. तोंडास रुमाल बांधून आम्ही भावंडे वडिलांचा हात धरून गाडीत चढलो आणि वसईस आजोळी आलो. आजीने अंगणातच थांबवून कडुनिंबाच्या पाल्याच्या कढत पाण्याने आम्हांस आंघोळ घातली, आणि मगच पोटाशी धरले. पण वाडीतील मुले आठवडाभर आमच्या अंगणाकडे फिरकली नाहीत. सुरतेहून आलो आहोत, हे मग आम्ही कोणास सांगेनासे झालो. रोग आम्हांस नव्हता. तरी तो आम्ही लपवीत होतो.

त्यानंतर विद्वानांत वाद माजला. हा खरोखर प्लेग की दुसराच काही जंतू? कोणी मेलिओइडोसिस या माती-पाण्यातील जंतूच्या रोगाचे नाव घेतले, कोणी आणखी काही सुचविले. प्रारंभी पुरेसे नमुने वेळेवर व नीट तपासले न गेल्याने हा गोंधळ वाढला. पुढे आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी जंतूच्या अनुवंशाची तपासणी करून तो प्लेगचाच असल्याचे २००० साली प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या शत्रूपुढे लक्षावधी माणसे पळाली, त्याचे नाव पक्के व्हावयास काही वर्षे लागली. जंतूचे नाव न कळता चाललेला उपचार म्हणजे अंधारात मारलेली काठी. माझ्या विद्यार्थिनीच्या नाकावर चार महिने हीच काठी चालली होती.

परंतु सुरतेने दुसराही धडा दिला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. रोज कचरा उचलला जाऊ लागला, गटारे साफ झाली, खाणावळी तपासल्या जाऊ लागल्या, अधिकारी कचेरीतून रस्त्यावर आले. १९९६ साली एका संस्थेने केलेल्या पाहणीत सुरत स्वच्छतेत चंडीगडच्या खालोखाल दुसरी ठरली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरसमवेत पहिला क्रमांक मिळविला. यात जादू काहीच नव्हती. रोज तेच काम तितक्याच चोखपणे करण्याची शिस्त होती, आणि काम झाले की नाही हे पाहणारा कोणी होता. शस्त्रक्रियेच्या खोलीतही याहून निराळे काही लागत नाही. उपकरण वाफेच्या दाबाखाली ऑटोक्लेव्हमध्ये उकडले की नाही, विसळण्याचे पाणी निर्जंतुक होते की नाही, रोपणाची वस्तू नळाच्या पाण्यास शिवली की नाही, हे दररोज, प्रत्येक रुग्णाच्या वेळी पाहावे लागते. रस्ता मळला तर सर्वांस दिसतो. विसळलेल्या उपकरणावरील थेंब कोणास दिसत नाही, म्हणून तेथे शिस्त दुप्पट हवी.

आज आपल्या शहरांतून सौंदर्याच्या दवाखान्यांच्या पाट्या पावलोपावली दिसतात. त्यांकडे जाणाऱ्यांस मी नावे ठेवीत नाही. सुंदर दिसण्याची इच्छा हा गुन्हा नव्हे, आणि लग्नाच्या बाजारात मुलीच्या नाकाची उंची मोजणारे आपणच आहोत. पण जाण्यापूर्वी काही गोष्टी विचारण्यास संकोच करू नये. शस्त्रवैद्य या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेले आहेत काय? उपकरणे कशी शुद्ध होतात? स्वतःच्या शरीरातील कूर्चेने काम भागण्यासारखे आहे काय? आणि जखम पूर्ण भरेतो डॉक्टरांनी सांगितल्यावाचून तिला नळाचे पाणी लावू नये. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवड्यांनी गाठ आली, ती न दुखणारी असली तरी, परत जावे. ‘जास्त दिवसांची तपासणी करावी काय,’ असे आपणहून विचारावे. हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरास राग येणार नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ते लपवू नये. माझ्या विद्यार्थिनीचे चार महिने जंतूने खाल्ले, त्यांतील निदान दोन तिच्या भीतीने खाल्ले. सासरी काय म्हणतील, या विचाराने ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्यास कचरली. १९९४ साली वसईच्या अंगणात उभा असलेला मुलगा तिची ती भीती ओळखतो.

गेल्या महिन्यात मी तिला बोलावून घेतले आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. “बाई, तो जंतू तुला शोधीत आला नव्हता. तो आम्हां सर्वांच्या अंगावरून रोज वाहून जातो. तुझ्या बाबतीत दार उघडे होते, आत बसावयास आडोसा होता, आणि कोठेतरी कोणाच्या तरी हातून एक थेंब शुद्ध करावयाचा राहिला. नेमका कोठे, ते आता कळणार नाही. पण त्यात तुझा अपराध काही नाही.” तिने सर्व निमूटपणे ऐकून घेतले. मग मी तिला कावसजीचे ते जुने चित्र दाखविले. डोक्यास पागोटे, चेहऱ्यावर नवे नाक, आणि कपाळावर कातडी काढल्याची मोठी खूण. चित्रकाराने ती खूण झाकलेली नाही, आणि कावसजीनेही झाकू दिलेली दिसत नाही.

चित्र तिने बराच वेळ पाहिले. जाताना ओढणी तिच्या खांद्यावर होती.